थोरल्या जावेची सायकल

"सायकल विकू नकोस गं. जिन्याखाली टाकून ठेव, गंजू दे, पण विकू नकोस. नाहीतर उद्या रस्त्यात कुणाचीही घंटा वाजली तरी तुझ्या पोटात दुखेल."

थोरली जाऊ हे म्हणाली तेव्हा धाकटीचं बाळ दोन महिन्यांचं होतं आणि थोरली तिच्याच पलंगावर बसून लंगोटांच्या घड्या घालत होती. धाकटीला हसू फुटलं. "वहिनी, लिफ्टमध्ये चक्कर येणाऱ्या बाईने सायकलीचा सल्ला द्यावा म्हणजे कमाल झाली!" थोरलीही हसली आणि विषय तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यात कॉलेजात तीन वर्षं शर्यतींना नेलेली ती सायकल गेली आणि तिच्या जागी बाळाचा पाळणा आला. पाळण्याला कठडा होता, कठड्याला गादी होती, तरी धाकटी रात्रीतून चारदा उठून बाळाच्या नाकापाशी बोट धरून श्वास लागतोय ना ते बघायची. अशा बाईला सायकल कशाला आठवणार?

वर्ष गेलं. आणि एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून थोरली खाली दुसऱ्या मजल्यावर आली ती ओल्या केसांनी, डोळे लाल, अंगाला तलावाच्या औषधाचा वास.

"मी नाव दिलं," ती दारातच म्हणाली.

"कशात?"

"ट्रायथलॉनमध्ये. पाऊण किलोमीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळायचं. लॅबमधल्या सगळ्या हसल्या. तूही हसून घे, मग कामाचं बोलू."

धाकटी हसली नाही. तिला हसताच येईना. बेचाळिसाव्या वर्षी, दोन पोरं शिकायला बाहेरगावी, हाताशी सकाळ मोकळी, संध्याकाळ मोकळी, आणि पोहायलासुद्धा गुपचूप शिकून बसली! धाकटीच्या कडेवर दहा किलोंचं गाठोडं होतं, खांद्यावर त्या गाठोड्याने काढलेली दुधाची ओकारी होती, आणि आंघोळ झाली तरी त्या दिवशीची मोठी कामगिरी झाली असं तिचं सध्या चाललं होतं.

"पोहणं जमतंय, पळण्याचं नंतर बघू," थोरली म्हणाली. "पण सायकलीतलं मला ओ की ठो कळत नाही. तू निवडून दे. या घरात त्यातलं कळणारी तू एकटीच."

ही स्तुती होती, पण धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या याच वाक्याने. कळणारी मी, आणि चालवणार तुम्ही.

थोरली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. अठरा वर्षं. शीर सापडत नाही अशी म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सुई बघूनच पांढरे पडणारे पैलवान, सगळे तिच्या खुर्चीसमोर रांग लावायचे, कारण ती एकदाच टोचायची. लॅबमध्ये तिला 'एकटोची' म्हणत. धाकटीच्या बाळाचं रक्त तपासायचं होतं तेव्हाही तिनेच घेतलं होतं. बाळ रडायचं ठरवेपर्यंत कापूस लागलासुद्धा.

रविवारी दोघी सायकलीच्या दुकानात गेल्या. दुकान लांबट, बोळासारखं. दोन्ही बाजूंना सायकली टांगलेल्या, खाली तेलाचे डाग आणि रबराचा तो नवा वास. तो वास नाकात गेल्याबरोबर धाकटीच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या.

दुकानदार बुटका, कानावर पेन्सिल. "कोणासाठी?"

"आमच्यासाठी," धाकटी म्हणाली. तोंडातून तेच आलं.

थोरलीने मान हलवत स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. दुकानदाराने तिला एकदा वरून खाली बघितलं, आत जाऊन एक राखाडी सायकल काढली आणि तिला दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं. "टाचा टेकल्या. दांड्यात आणि तुमच्यात दोन बोटं जागा आहे. आता बसा, हँडल धरा. कोपर जरा वाकलेलं राहतंय? झालं. पहिल्या शर्यतीला हीच. भारी, वाकून झोपायच्या हँडलाची घेऊ नका, त्याचा सराव वेगळा. साधी घ्या, मापाची घ्या."

बरोबर सांगत होता. धाकटीनेही हेच सांगितलं असतं. पण भिंतीला एक गर्द हिरवी सायकल टेकून ठेवली होती. लांब बांधा, पातळ मान. धाकटीने बाळ थोरलीच्या कडेवर दिलं. "ही जरा बघते हं," म्हणाली आणि ती घेऊन रस्त्यावर गेली.

कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला तिला दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्या दोन मिनिटांत तिला मूल नव्हतं, दूध नव्हतं, ताप मोजायचं यंत्र नव्हतं. परत आली तेव्हा तिचे गाल पेटले होते.

"काय छान दिसतेस गं तिच्यावर!" थोरली मनापासून म्हणाली. बाळ तिच्या गळ्यातली साखळी चघळत होतं, सुखात होतं. धाकटीला तेही टोचलं.

"हीच घ्या," धाकटी म्हणाली.

दुकानदाराने पेन्सिल कानावरून काढली. "ताई, यांना मोठी पडेल. दोन मापं तरी."

"सीट खाली केली की झालं. मी तीन वर्षं शर्यती केल्यात."

"सीट खाली होईल," तो म्हणाला, "हात लांब होणार नाहीत."

"सवय होते."

थोरलीने दोघांकडे बघितलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच तर ती हिला घेऊन आली होती. "ही म्हणते ना, मग हीच," ती म्हणाली. दुकानदाराने खांदे उडवले. तीस दिवसांत माप बदलून मिळेल, असं पावतीच्या मागे लिहून दिलं आणि हिरवी सायकल घरी आली.

धाकटीने हे का केलं? शत्रूसारखा डाव तिने काही टाकला नव्हता. मनाला ती एवढंच म्हणाली होती की सायकल आपल्या इमारतीत राहील. आपली नसली तरी जिन्याखाली राहील. मन असं बेरकी असतं. खरं कारण ते स्वतःच्या मालकिणीलाही पुरतं सांगत नाही.

सायकल जिन्याखाली साखळीने बांधलेली असायची. "तू निवडलीस, एक किल्ली तुझ्याकडे," थोरली म्हणाली होती. रोज सकाळी सहाला खालून साखळीची कडी वाजायची आणि धाकटी बाळाला मांडीवर घेऊन बाल्कनीतून बघायची. थोरली चवड्यावर उभी राहून सायकल एका बाजूला कलती करायची, टांग टाकायची, दोनदा झोकांड्या खायची आणि निघायची. हात लांब ताणलेले, खांदे कानाला लागलेले. पडेल, असं धाकटीला वाटायचं. आणि खोटं कशाला सांगा, भीतीच्या खालच्या थरात एक गोड गुदगुलीही व्हायची. जमतंय थोडंच! ज्याचं काम त्यानेच करावं!

"वहिनीच्या सायकलीचा विषय निघाला की तू भांडी फार जोरात घासतेस," एकदा नवरा म्हणाला.

"मग तू घास."

त्याने पेपर उघडला. शहाण्याला शब्दाचा मार.

दुपारी थोरली लॅबमध्ये असायची आणि बाळ झोपलेलं. धाकटी बाळावर लक्ष ठेवायचं यंत्र मुठीत घेऊन, दार उघडं टाकून, अनवाणी खाली यायची. आधी नुसता हँडलवर हात ठेवायची. मग एक दिवस सीटचा खटका सोडून ती आपल्या उंचीला वर केली, भिंतीला खांदा टेकून बसली आणि पेडल उलटं फिरवत राहिली. चाक कुठेच जात नव्हतं, तरी तिचा श्वास फुलला. यंत्रातून बाळाने कूस बदलल्याचा आवाज आला तशी ती धडपडत उतरली आणि सीट अंदाजाने खाली करून वर पळाली. असं पाच-सहा वेळा झालं. अंदाज तो अंदाजच. सीट दरवेळी बोटभर उंचच राहिली. आणि सीट उंच राहिली की बसणाऱ्याचा भार तळहातांवर येतो. हे धाकटीला पाठ होतं.

तिसऱ्या आठवड्यात थोरलीच्या हातून कप पडला. पुढे दोन दिवसांनी बाळाच्या झबल्याची गुंडी लावता लावता ती थांबली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही. मुंग्या आल्यात." तिने गुंडी दातात धरून लावली आणि बाळाला वाटलं खेळच चाललाय.

धाकटीला तेव्हाच सगळं कळलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हाताचा तळवा तासन्‌तास हँडलवर दाबला की हीच दोन बोटं बधिर होतात. कॉलेजातल्या कितीतरी मुलींची झाली होती. तिने तोंड उघडलं आणि "चहा टाकू?" असं विचारलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती बाळाला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. थोरली स्वयंपाकघरात पातेल्यातल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसली होती. भाऊजी आरशासमोर दाढी करत होते.

"वयाचा दोष आहे सगळा," ते फेसातून बोलत होते. "म्हशीने हरिणासारखं पळायला जाऊ नये."

"म्हैस पोहते तरी," थोरली म्हणाली, पण आवाजात नेहमीचा तिखटपणा नव्हता. मग धाकटीकडे न बघताच म्हणाली, "उद्या नाव काढून घेते मी."

धाकटीला आनंद झाला. आधी आनंदच झाला. एकदम, पोटातून, भूक लागल्यावर वास यावा तसा. आता सकाळी सहाला कडी वाजणार नाही. आता दोघी सारख्या.

"काल एक मुलगी आली होती," थोरली पाण्याकडे बघत सांगत होती. "तिसरीतली असेल. शीर चांगली ठळक. मी टोचलं ते बाजूला गेलं. पुन्हा टोचलं, पुन्हा चुकलं. सुई बोटांत धरली आहे की नाही तेच मला कळेना गं. तिच्या आईने माझ्या हातातून पोरीचा हात ओढून घेतला. म्हणाली, शिकाऊ बाई बसवतात आणि आमच्या लेकरांवर हात साफ करतात." ती जरा थांबली. "अठरा वर्षांत नाही ऐकलं असं. डॉक्टरांना सांगितलं, मला आता नोंदींच्या टेबलावर बसवा. माझा हात गेला."

धाकटीच्या कडेवरचं बाळ पातेल्यातल्या पाण्याकडे झेपावत होतं. तिने त्याचा हात धरला. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे एकदाच टोचलं होतं तिथे, कसली खूणही नव्हती.

"हात गेलेला नाही," ती म्हणाली. "सायकल मोठी आहे."

"काय?"

"तुम्हाला दोन मापं मोठी आहे. भार हातावर येतो म्हणून बोटं बधिर होतात. मापाची घेतली की बरी होतील. होतात, मी बघितलंय."

थोरलीने पाण्यातून हात काढला. "हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच कळलं म्हणता आलं असतं. "दुकानातच," धाकटी म्हणाली. "ती माझ्या मापाची होती. मी माझ्यासाठी निवडली."

भाऊजींचा वस्तरा गालावर थांबला.

"आणि ती सीट?" थोरली सावकाश म्हणाली. "मी मधूनमधून खाली करते. मला वाटायचं खटका ढिला झालाय."

"मी बसत होते. दुपारची."

थोरलीने उजव्या हाताचं एकेक बोट टॉवेलने पुसलं. धाकटीला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात. भांडण झालं असतं, रडारड झाली असती, आणि चारचौघींसारखं मिटलंही असतं.

"मागायची होतीस पोरी," थोरली म्हणाली. "मी बाळाला घेऊन बसले असते. तू जाऊन आली असतीस."

धाकटीला हेच तर नको होतं. त्यांनी द्यावं आणि आपण घ्यावं, हेच. यापेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी सायकल बदलली गेली. थोरलीने धाकटीला हाक मारली नाही. लॅबमधल्या मैत्रिणीला बोलावलं. त्या बाईला सायकलीतलं थोरलीइतकंही कळत नसणार. दोघी हिरवी घेऊन हसत गेल्या आणि राखाडी घेऊन हसत आल्या. बाल्कनीतून धाकटीने बघितलं: सिग्नलला थांबावं तशी थोरली फाटकाशी थांबली आणि तिचा पाय सपाट जमिनीला टेकला. मैत्रिणीने टाळी वाजवली. ती टाळी आपण वाजवायची होती, असं धाकटीला वाटलं. आता तिला सायकलीचा हेवा वाटत नव्हता. त्या टाळ्या वाजवणाऱ्या बाईचा वाटत होता, आणि हा जुन्यापेक्षा वाईट होता.

थोरलीने शर्यतीतून नाव काढून घेतलं नाही. शर्यत महिन्यावर आली आहे. ती बोलायची थांबली आहे असंही नाही. बाळासाठी खाली येते, त्याला हवेत उडवते, धाकटीने केलेला चहा पिते. पण कप डाव्या हातात धरते.

"बोटं कशी आहेत?" धाकटी विचारते.

"आहेत जागेवर."

एवढंच. परवा धाकटी बाळाला घेऊन लॅबपर्यंत गेली, काचेबाहेर उभी राहिली. थोरलीने तिला बघितलं आणि उजवा हात कोटाच्या खिशात घातला. त्यानंतर पुन्हा जायचं तिचं धाडस झालेलं नाही. भाऊजींना विचारावं तर ते म्हणतात, तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही. लॅबचे डॉक्टर कोण आहेत ते माहीत नाही. बाळ अजून दोनच शब्द बोलतं, त्यातला एकही कामाचा नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तुम्हाला आज ना उद्या रक्त तपासायला कुठेतरी जावंच लागेल. तिथे खिडकीजवळ एक ठेंगणी बाई दिसली, पोहण्यासाठी केस मुलासारखे कापलेली, तर जरा बघा. ती रक्त घ्यायला बसली आहे की नोंदींच्या टेबलावर, ते आधी बघा. रक्त घेत असेल तर सुईकडे नका बघू, तुम्हालाच घेरी येईल. नंतर ती तुमच्या हातावर कापूस दाबून मूठ मिटायला सांगते आणि कशी मिटायची ते स्वतःची मूठ मिटून दाखवते. तेव्हा तिची करंगळी इतर बोटांबरोबर आत वळते का, की बाहेरच राहते? तेवढं नीट बघून या. आणि तुम्हाला कोणी पाठवलं, ते तिला सांगू नका.