निर्मळच्या जत्रेतला मुक्काम

वसुंधराताईंना प्रवास आवडत नाही, अशी सगळ्या नातेवाइकांत ख्याती होती. लग्नकार्य असो की देवदर्शन, ताई काहीतरी निमित्त काढून घरीच राहायच्या. जावंच लागलं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं तोडायच्या. एस.टी. कुठं थांबेल, थांबली तर तिथं बायकांसाठी आडोसा असेल का, असला तरी आत पाय ठेवण्याजोगा असेल का, या काळजीत त्यांचा निम्मा प्रवास जायचा. उरलेला निम्मा डोकेदुखीत. खरं कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगायच्या तरी कुठल्या तोंडानं?

नवऱ्याला सांगितलं तेही तो निवृत्त झाल्यावर. विलासराव टेलिफोन खात्यातून मोकळे झाले आणि पहिल्याच रविवारी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये कोकणाचा नकाशा पसरून बसले. "या वेळी मी तुझं काही एक ऐकणार नाही," ते म्हणाले. ताई मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी बाजूला ठेवली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.  विलासरावांनी नकाशाची घडी घातली, पायात चपला सरकवल्या आणि ते बाहेर पडले.

आठवड्याभरानं ते ताईंना रिक्षात बसवून सातिवलीला घेऊन गेले. तिथं क्लेमेंटचा पत्र्याची कपाटं बनवायचा कारखाना होता. क्लेमेंट म्हणजे आडदांड, हसरा माणूस. त्याचं हसू कटिंग मशिनच्या आवाजावरही मात करायचं. शेडमध्ये एक जुनी मॅटाडोर उभी होती. पूर्वी कुठल्याशा ट्रस्टचा फिरता दवाखाना होती ती. रंगाखालून लाल फुली अजून डोकावत होती.

"हिच्यात आधी संडास बसवायचा," विलासराव म्हणाले. "बाकीचं घर त्याच्याभोवती."

ताईंना हसावं की रडावं कळेना. त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "खिडकीला पडदे मी शिवीन."

दिवाळीपर्यंत गाडी तयार झाली. दोन बाकं, रात्री जोडली की पलंग. शेगडी, बेसिन, टपावर पाण्याची टाकी. आणि मागच्या कोपऱ्यात क्लेमेंटनं बनवलेलं एक उभं कपाट, ज्याचं दार उघडलं की आत स्टीलचं भांडं आणि पायानं दाबायचा खटका. ताईंनी खटका दाबून बघितला. पाणी खळखळून गेलं.

"हे जातं कुठं?" त्यांनी विचारलं.

"खालच्या टाकीत," क्लेमेंट अभिमानानं म्हणाला.

"आणि टाकीतून?"

विलासरावांनी क्लेमेंटकडे पाहिलं. क्लेमेंटनं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

 सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर गाडी आवारात लावायलाच नकार दिला. "संडास असलेली गाडी? रहिवासी काय म्हणतील?" जणू रहिवाशांच्या घरांत फक्त देवघरंच होती.

तेव्हा ताईंनी अट घातली. कोकणात जायचं ते नंतर. आधी घराजवळ एक रात्र काढून दाखवायची. जागा, पाणी आणि घाण, तिन्हींचा बंदोबस्त जमला तरच पुढची बात. विलासरावांनी लगेच अर्नाळ्याचा समुद्र सुचवला. कार्तिकातली छान हवा होती. निघताना ताई तांब्याभर पाणी प्यायल्या, घरातून बाहेर पडताना आयुष्यात पहिल्यांदाच. आगाशी येईपर्यंत त्यांनी दोनदा गाडी थांबवून मागचं कपाट वापरलं, त्यातली एक वेळ निव्वळ हौसेची.

अर्नाळ्याला सुरूच्या झाडांत गाडी घातली खरी, पण मागचं चाक रेतीत रुतलं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी ढकलून बाहेर काढलं, तोवर हवालदार हजर. "काका, संध्याकाळी इथं बसा, भेळ खा, पण मुक्काम नको. भरतीला पाणी कुठवर येतं माहितीय का?" विलासरावांना माहीत नव्हतं. पुढं एका पेट्रोल पंपावर विचारलं, तर तिथं ट्रकवाल्यांचा रात्रभर राबता. विलासराव हिरमुसले.

"तुम्ही समुद्र शोधताय," ताई म्हणाल्या. "आता मी विहीर शोधते. जिथं विहीर, तिथं घर. जिथं घर, तिथं बाई असणारच. तिला विचारायचं."

निर्मळच्या रस्त्याला लागले तर पुढं माणसांचा पूर. ते जत्रेचे दिवस होते, आणि नकाशात जत्रा दाखवलेली नसते. बैलगाड्या, रिक्षा, टोपल्या, भांडी, ऊस, पाळणे. गाडी पुढं सरकेना, मागं वळेना. उजव्या हाताला केळीच्या वाडीचं फाटक होतं, आत विहिरीचा कठडा दिसत होता आणि फाटकाशी कमरेवर हात ठेवून एक बाई जत्रा बघत उभी होती. ताई उतरल्या आणि सरळ तिच्यापाशी गेल्या.

बाईंचं नाव सावित्री. वाडी त्यांच्या सासऱ्यांपासूनची. ताईंनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, कपाटासकट. सावित्रीबाईंनी आधी गाडीच्या आत जाऊन खटका दाबून बघितला, मग फाटक सताड उघडलं.

"चिंचेखाली लावा. पाणी विहिरीचं घ्या; बावखलातलं नको, ते झाडांसाठी." बावखल म्हणजे वाडीतलं तळं. "आणि ते दुसरं जे काय आहे, त्याचं उद्या बघू. आमचे हे आले की."

रात्र मजेत गेली. पिठलं-भात झाला, सावित्रीबाईंकडून केळफुलाची भाजी आली. विलासराव पलंगावर आडवे होऊन म्हणाले, "उद्या सकाळी निघू. थेट पेण गाठू."

सकाळी मात्र वेगळंच झालं. फाटकाबाहेर ग्रेसी नावाची एक म्हातारी सुके बोंबील आणि जवळा मांडून बसली होती. ऊन वर आलं होतं. ताईंनी तिला प्यायला पाणी नेऊन दिलं. ग्रेसीनं फुलपात्राकडे हात नेला आणि मागं घेतला.

"नको बाय. पानी पिलं की मंग उठाला लागतं. उठून जायाचं खंय? चारी बाजूला मानसां."

ताईंचा हात तसाच पुढं राहिला. आपल्यासारख्या आपण एकट्याच, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. आणि ही बाई जत्रेत दिवसच्या दिवस अशीच बसते!

"प्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याबरोबर आत चला. टोपलीपाशी आमचे हे बसतील."

विलासराव बोंबलांपाशी बसले. ग्रेसी गाडीत गेली, बाहेर आली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की पलीकडच्या बांगडीवालीनं विचारलंच, "काय गं, खंय गेली होतीस?" ग्रेसीनं तिच्या कानात सांगितलं. जत्रेत पाळण्याचा भोंगा असतो, पण बायकांची कुजबुज त्याहून लांब पोहोचते. थोड्याच वेळात फाटकाशी पाच-सहा जणी उभ्या होत्या. नऊवारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, लाल लुगड्यातल्या, दिवस भरलेली एक गरोदर सून आणि तिची सासू.

"अगं वसू," विलासराव हळूच म्हणाले, "टाकी दोघांसाठी आहे! आपल्याला पेणला जायचंय!"

"पेण कुठं पळून चाललंय? त्या पोरीकडे बघा जरा."

विलासरावांनी गरोदर पोरीकडे बघितलं आणि टोपलीपाशी पुन्हा बसकण मारली.

दुपारपर्यंत टपावरची टाकी रिकामी आणि खालची काठोकाठ. रांग तशीच. मग ताईंनी नियम केला : येणारीनं विहिरीवरून एक कळशी पाणी आणायचं, आतल्या बादलीत ओतायचं, मग खटका दाबायचा. बायकांनी तो इतका मनावर घेतला की बादली कधी रिती राहिली नाही. पण खालच्या टाकीचं काय?

एवढ्यात सावित्रीबाईंचे यजमान विद्याधरपंत आले. आपल्या वाडीत बायकांची रांग बघून ते फाटकातच थबकले. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "माझ्या वाडीत? ही घाण? जमायचं नाही."

"का नाही जमायचं?" सावित्रीबाई म्हणाल्या. "खताला बैलाचं शेण चालतं, मासळीचं कुटं चालतं. माणसानं काय घोडं मारलंय?"

"विहिरीचं पाणी बाटेल, सावित्री. आपली जमीन रेताड. वर ओतलेलं खाली झिरपायला वेळ लागत नाही."

 म्हणणं खरं होतं. ताईंना वाटलं, संपलं. आता फाटकावरून बायकांना परत पाठवावं लागणार. तेवढ्यात पंतच डोकं खाजवत म्हणाले, "बावखलाच्या पलीकडे, अगदी उताराच्या टोकाला पडीक तुकडा आहे. विहिरीपासून लांब आहे तो. खड्डा फार खोल नको. दर थराला राख, चुना नि केळीचा पाला. वर माती. मग वर्षभर कुणी हात लावायचा नाही. पण खणायचं कोणी?"

विलासरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

टेलिफोनच्या तारा ओढण्यात हयात गेलेला माणूस कुदळ घेऊन पडीक जमिनीत उतरला. पंतांनी फावडं घेतलं. खणता खणता दोघांची गट्टी जमली. एकाला केळीच्या जाती सांगायच्या होत्या, दुसऱ्याला टेलिफोनच्या. मग गाडी उताराला नेली. विलासरावांनी नाकाला रुमाल बांधला, देवाचं नाव घेतलं आणि खालची तोटी उघडली. पहिल्या वेळी अर्ध्या पायजम्यावर उडालं. पंत हसून हसून खाली बसले. विलासराव बावखलाकाठी बादलीनं पाय धूत होते, तेव्हा ताईंना वाटलं, आता हा माणूस संतापणार. पण ते मान वर करून म्हणाले, "वसू, तोटीला हातभर पाइप जोडायला हवा. क्लेमेंट विसरलाय."

त्या दिवशी पेण राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. विलासराव फाटकावर खुर्ची टाकून बसू लागले. रंगाखालची लाल फुली बघून कुणी पुरुष विचारी, "दवाखाना आहे का?" विलासराव गंभीरपणे सांगत, "बायकांचा आहे. पुढं चला." ग्रेसी त्यांना रोज बोंबलांचा वाटा देऊ करी. ते शाकाहारी होते, पण नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. तो वाटा पंतांच्या घरी जाई आणि पंत खूश होत.

जत्रेचा मोठा दिवस उजाडला. रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. आणि नेमका त्याच दिवशी कडाड् आवाज झाला. आतून एक मुलगी रडवेल्या चेहऱ्यानं बाहेर आली. खटका तुटला होता. झडप बंद होईना, टाकीचा वास वर येऊ लागला. विलासराव पोटावर पालथे होऊन बघत होते; त्यांना फक्त एक तुटकी तार दिसत होती. रांगेतल्या बायका कळशा घेऊन तशाच उभ्या होत्या आणि ताईंना एकच प्रश्न पडला होता. आता यांना कुठं पाठवायचं?

"हे माझं कपाट!" रस्त्यावरून कुणीतरी गरजलं. क्लेमेंट बायकोला घेऊन जत्रेला आला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. रांगेकडे बघत तो म्हणाला, "इतकी वर्षं कपाटं बनवतोय, माझ्या मालासमोर अशी गर्दी कधी झाली नव्हती!"

"नंतर हसा," ताई म्हणाल्या. "आधी खटका बसवा."

क्लेमेंटनं पंतांच्या जुन्या सायकलची ब्रेकची तार काढून घेतली आणि पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. त्याची बायको उर्सुला कमरेला पदर खोचून बाजूला उभी राहिली आणि रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या घरच्या संडासाची कडी कधीची मोडलीय. ती बसवायला याला वेळ नाही. इथं बघा कसा लोळतोय!"

रांगेत हशा उसळला. गाडीखालून क्लेमेंटचाही आवाज आला, "उद्याच बसवतो गं!" खटका बसला. उर्सुलानं आधी स्वतः आत जाऊन तो तपासला, मग दार उघडून मान डोलावली आणि रांग पुढं सरकली.

जत्रा उठली. मंडपांचे बांबू निघाले. विलासराव आणि पंतांनी खड्ड्यावर शेवटची माती लोटली, भोवती काट्याचं कुंपण केलं. ताईंनी चिंचेखालची जागा झाडून लख्ख केली. गाडीत पंतांच्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी, उसाची कांडी, दुधी आणि एका अनोळखी बाईनं दिलेला नवा कोरा झाडू असं सामान चढलं.

"आता तरी पेण?" विलासरावांनी किल्ली फिरवली.

तेवढ्यात सावित्रीबाई हातात पिशवी घेऊन आल्या. नवी साडी, केसांत वाडीतला जाईचा गजरा. "माझं माहेर केळव्याला," त्या म्हणाल्या. "वाडी आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, उताराला पडीकही आहे. तुमच्या मुक्कामाची सोय होईल. आणि मलाही घेऊन जा."

"मी काय खाऊ?" पंत ओट्यावरून ओरडले.

"बोंबील आहेत की! ग्रेसी देऊन गेलीय ढीगभर."

पेण दक्षिणेला, केळवं उत्तरेला. विलासरावांनी ताईंकडे पाहिलं. ताई आधीच सरकून सावित्रीबाईंना खिडकीची जागा देत होत्या, पडदा बाजूला सारत होत्या. विलासरावांनी नकाशा सीटखाली सारला, पंतांना हात केला आणि फाटकातून बाहेर पडून गाडी उत्तरेच्या रस्त्याला घातली.