माझ्या अंगावरची पाचवी ओळ

मित्रांनो, तुम्ही रोज दप्तरं काढून ठेवता त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी असलेली जुनी सागवानी फळी म्हणजे मी. माझ्यावर पांढऱ्या रंगाने वर्षं लिहिली आहेत आणि प्रत्येक वर्षापुढे एक नाव आहे. परवा तुमच्यातल्या एकीने ती सगळी नावं मोठ्याने वाचली. पाचव्या ओळीशी ती थांबली. इथला रंग वेगळा का, आणि खालून दुसरी अक्षरं दिसतात ती कसली, असं तिने विचारलं. कुणालाच उत्तर देता आलं नाही. ते उत्तर माझ्याजवळ आहे. सांगताना मान खाली जाते, तरी सांगते.

माझं लाकूड पांढरकवड्याकडच्या जंगलातलं. घाटंजीच्या एका सुताराने मला कापलं, रंधा मारला आणि चारही बाजूंनी पट्टी ठोकली. अंबादास पेंटरने काळा रंग दिला, आणि वर सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलं : ‘कपास ढाल, विजेते संघ’. ते साल होतं १९५६.

तेव्हा कापसाचा मोसम संपला की घाटंजीत जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात कबड्डीचे सामने होत. साधेसुधे सामने नव्हते ते. एकेक जिनिंग आपले गडी पगारावर ठेवी. नावाला ते गाठी उचलत, पण त्यांची खरी नोकरी कबड्डीची. सगळ्या संघांतून शेवटी दोन उरले की त्या दोघांत होळीनंतर ओळीने पाच दिवस पाच सामने होत. ज्याने तीन जिंकले, त्याची ढाल. बाभुळगाव, बोरी अरब, कुठून कुठून माणसं बैलगाड्या जुंपून येत. आवारातल्या मातीत कापसाचे तंतू मिसळलेले असत, त्यामुळे पडणाऱ्याला लागत कमी आणि उठताना तो पांढरा होऊन उठे.

पहिल्या वर्षी घाटंजीच्याच ‘वरची जिनिंग’ या कारखान्याने ढाल जिंकली. मग बाभुळगाव, मग बोरी अरब, मग पुन्हा वरची जिनिंग. दर वर्षी अंबादास येई, माझ्यावर एक ओळ लिही, आणि मला वजनकाट्याच्या खोलीबाहेर, रस्त्याच्या बाजूला टांगत. ढाल सामन्यांच्या कमिटीच्या कपाटात राही; नाव लिहून झालं की कचेरीत ती कप्तानाच्या हाती देऊन परत ठेवत. शेवटच्या सामन्याआधी मला मैदानात नेऊन सगळी नावं वाचून दाखवायची रीत होती. लोक टाळ्या वाजवत. मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. नाव कुणाचं आहे याच्याशी मला काही घेणं नव्हतं. अंगावर ओळ वाढली की मी खूश.

१९६० साली एक संघ ऐनवेळी आला नाही. जागा भरायला म्हणून पळसतांड्याच्या पोरांना बोलावलं. ही बंजारा पोरं जिनिंगमध्ये गाड्या भरायला येत. त्यांना खेळायचा पगार नव्हता, बनियनही एकसारखे नव्हते. पहिल्याच दिवशी हरतील आणि घरी जातील, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती हरलीच नाहीत. शेवटच्या दोघांत पोचली, आणि वरच्या जिनिंगशी दोन-दोन अशी बरोबरी करून पाचव्या दिवसावर आली.

तो सामना मी डोळ्यांनी पाहिला. शेवटची चढाई तांड्याच्या कप्तानाची होती, धनसिंगची. त्याने वरच्या जिनिंगचा कप्तान विठ्ठलराव याच्या खांद्याला हात लावला आणि मागे फिरला. तिघांनी त्याचा पाय धरला. तो पोटावर पडला, ओढला गेला, तरी त्याच्या तोंडचं ‘कबड्डी कबड्डी’ थांबलं नाही. हात लांब करून त्याने मधल्या रेघेची चुन्याची फक्की बोटांनी पुसली. पंचाने शिट्टी दिली. तांडा जिंकला होता. बायांच्या गर्दीतून धनसिंगची आई सुखीबाई धावत आली आणि धुळीने माखलेल्या पोराचं तोंड तिने आपल्या ओढणीने पुसलं.

आठवड्याने अंबादास रंगाचा डबा घेऊन आला. सोबत कमिटीचे चिटणीस भगवानराव होते.

“काय लिहू?” अंबादासने विचारलं.

“वरची जिनिंग,” भगवानराव म्हणाले.

“पण जितले तर तांड्याचे पोट्टे…”

“त्यायचा अर्ज तारखेच्या बाद आलता. कमिटीनं ठरवलं. तू लिही.”

अंबादास थोडा वेळ कुंचला डब्यात फिरवत राहिला. मग त्याने लिहिलं. भर दुपारी, उघड्यावर, चार माणसांच्या देखत लिहिलं. मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. उलट नवा रंग छान चमकत होता म्हणून मी सुखावले. माझी पहिली लाज ती.

पुढच्या बाजारच्या दिवशी सुखीबाई डिंक विकायला घाटंजीला आली. टोपली डोक्यावर तशीच ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. अंबादास शेजारीच दुकानाची पाटी रंगवत बसला होता.

“काहो भाऊ,” तिने विचारलं, “आमच्या तांड्याचं नाव कोन्तं?”

अंबादासने मान वर केली. “हे… सगळ्यात खालचं,” तो म्हणाला.

“हे पळसतांडा लिवलं हाय?”

“हो, मावशी.”

सुखीबाईने टोपली खाली ठेवली, हात ओढणीला पुसला, आणि ‘वरची जिनिंग’ या अक्षरांवर तळवा टेकवला. मग टोपलीतून गुळाचा खडा काढून त्या ओळीला लावला आणि उरलेला अंबादासच्या हातावर ठेवला. तो त्याने तोंडात घातला नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत तो हात तसाच उघडा धरून बसला होता.

त्यानंतर ती दर बाजाराला येत असे. हातभर बलया, तिच्या पांढऱ्या बंजारा बांगड्या, खुळखुळत आणि तिचा तळवा त्याच ओळीवर येई. कधी सोबत तांड्यातल्या बाया असत. “हे पाहा, माह्या धनसिंगनं आनलं हे नाव,” असं ती त्यांना सांगे. रस्त्याने जाणारे वाचता येणारे लोक तिच्याकडे पाहत आणि पुढे जात. कुणी हसत, कुणी नजर चुकवत. तिला एकानेही सांगितलं नाही. आणि मी? माझ्या अंगावर तर खोटं ठसठशीत अक्षरांत होतं, सगळ्या गावाला दिसत होतं, फक्त तिला दिसत नव्हतं. तिचा हात ऊबदार होता. त्या उबेखाली मी चोरासारखी उभी असे.

धनसिंगला सगळं माहीत होतं. कमिटीने त्याला बोलावून सांगितलं होतं. पण आईने तोवर घरोघर गूळ वाटला होता, तेव्हा तो गप्प राहिला. त्याने कबड्डी सोडली आणि जंगलात लाकूडतोडीच्या कामाला गेला. त्याच्या संघातले बाकीचेही पांगले. तांड्यातून सामने पाहायला मग कुणी गेलं नाही, त्यामुळे मैदानात वाचलेली नावंही सुखीबाईच्या कानी पडली नाहीत.

१९६२ साली पळसतांड्यात मोठ्या माणसांसाठी शिकण्याचा वर्ग सुरू झाला. दिवसभराची कामं आटोपून बाया पाटी घेऊन बसत. सुखीबाईने पहिलं काय शिकायचं ते स्वतः ठरवलं होतं. मास्तरांकडून तिने तांड्याचं नाव गिरवून घेतलं. प, ळ, स, तां, डा. बाकीची अक्षरं मागाहून आली.

त्या हिवाळ्यात एका बाजाराला ती धनसिंगला ओढतच घेऊन आली. तो येऊ पाहत नव्हता.

“याडी, राहू दे ना. काम हाय मले.”

“काम तं रोजच हाय. पाह्य तं, तुही याडी वाचून राह्यली.”

तिने पाचव्या ओळीत नावाच्या सुरुवातीला बोट ठेवलं. “व,” ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा पाहिलं. “व… र…” बोट पुढे सरकलं. “ची.” तिने बोट उचललं, वरच्या ओळीवर ठेवलं, मग त्याच्या वरच्या. खालच्या दोन नव्या धरून सातही ओळी तिने धुंडाळल्या. पहिली आणि चौथी ओळ पाचवीसारखीच होती, हेही तिच्या ध्यानात आलं.

“धनसिंग, याच्यात प कुठी हाय रे?”

“याडी, चाल घरी,” तो म्हणाला.

“तुले मालूम होतं?”

“हो, याडी.”

“कधीपासून?”

“पयल्यापासून.”

तिने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू त्याला काहीतरी लागलं आहे. मग ती हात ओढणीत गुंडाळून निघून गेली. मला त्या दिवशी वाटलं, कुणीतरी येऊन मला चुलीत घालावं.

१९६३ ची होळी झाली. पाचव्या सामन्याच्या दिवशी मला मैदानात नेलं. भगवानराव रीतीप्रमाणे नावं वाचू लागले. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ.

“सन एकोणीसशे साठ, वरची जिनिंग…”

“थांबा जी.”

सुखीबाई उभी राहिली होती. गर्दी मागे वळली. ती माझ्यापाशी आली आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “हे खोटं हाय.”

“बाई, खाली बसा,” भगवानराव म्हणाले. “अर्ज उशिरा आलता. कमिटीचा निर्णय हाय तो.”

“अर्ज उशिरा आलता, तं खेळवलं काहून? पाचही दिवस काहून खेळवलं?”

तेवढ्यात पंचाच्या जागेवरून विठ्ठलराव उठले. तीन वर्षांपूर्वी वरच्या जिनिंगचे कप्तान तेच होते. आता वयामुळे खेळणं सोडून ते पंच झाले होते.

“हरलो होतो आमी,” ते म्हणाले. मग मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, “आमी हरलो होतो. धनसिंगनं मलेच बाद केलं होतं. ढाल घेताना मी बोललो नाही. बाई, मले माफ करा.”

भगवानरावांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. गर्दीत बसलेला अंबादास कुणी न सांगता उठला. घरून रंग घेऊन आला. टर्पेंटाईनने त्याने जुनी अक्षरं घासली. ती पूर्ण निघाली नाहीत, कारण मी त्यांना खोलवर मुरू दिलं होतं. त्यांच्यावरच त्याने नवी लिहिली. सुखीबाई शेजारी उभी राहून एकेक अक्षर उमटेल तसं वाचत होती. ‘पळसतांडा’ पुरं झालं तेव्हा अंबादास हळूच म्हणाला, “मावशी, त्या दिवशी मी खोटं बोललो.”

“मालूम हाय,” ती म्हणाली. “आता बरोबर लिवलं.”

एवढं बोलून ती बायांमध्ये जाऊन बसली. तिने अक्षरांना हात लावला नाही. पुढेही कधी लावला नाही.

दुसऱ्या वर्षी कमिटीने पळसतांड्याला मानाने बोलावणं धाडलं. विठ्ठलराव स्वतः गेले होते. पण धनसिंगच्या गुडघ्यात तोवर लाकूडतोडीने दुखणं शिरलं होतं, संघातले दोघं मुंबईला गेले होते, आणि लहान पोरांनी कबड्डी धरलीच नव्हती. संघ उभा राहिला नाही. मग १९६६ साली पगारी संघच बंद झाले, ढाल कुठे गेली कुणास ठाऊक, आणि मला तुमच्या शाळेत आणून ठेवलं.

मित्रांनो, मला ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, असं मी मागू शकले असते. सागवानाला थोडी काळजी पुरते. पण माझं मागणं दुसरं आहे. उद्या तुमच्यातल्या कुणाच्या हातात कुंचला येईल, कुणाच्या हातात नावांची यादी येईल. जिंकणाऱ्याचं नाव लिहिण्याआधी हरलेल्याला एकदा विचारा. त्याला सगळ्यात चांगलं माहीत असतं. आणि वाचता न येणारं कुणी अक्षरांवर बोट ठेवून तुम्हाला विचारलं, तर जे लिहिलं आहे तेच सांगा. ते सांगताना तुम्हाला वाईट वाटलं तरी सांगा. सुखीबाईला ते त्याच दिवशी कळलं असतं, तर तो संघ पुढच्या वर्षी भांडायला तरी आला असता.