गुरांचा निवाडा, बाजू दुसरी

ऑगस्टमध्ये अख्खं मिलान समुद्रावर जाऊन पडतं. त्र्याहत्तर साली जगाच्या अंतावर तबकडी काढणारी मंडळीही गेली. अंत थांबू शकतो, सुट्टी थांबत नाही.

परतल्यावर ऑर्गन वाजवणाऱ्या एर्मेतेने स्टुडिओचं दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

"आत कोण मेलंय?"

"कोणी नाही रे, सगळे समुद्रावर होते," रेमिजियो म्हणाला. ध्वनिमुद्रण तोच करायचा. सिगारेटी ओढून त्याचं नाक आता फक्त चष्मा ठेवायच्या कामाचं उरलं होतं.

वास ऑर्गनच्या स्पीकरमधून येत होता. कमरेएवढं लाकडी कपाट, आत कर्णा गरगर फिरतो आणि आवाज भोवंडत बाहेर पडतो. एर्मेतेने मागची फळी काढली. खालच्या कप्प्यात वासराचं मुंडकं होतं. डोळ्यांच्या जागी काहीतरी वळवळत होतं.

मुंडकं ओळखीचं होतं. वेष्टनावरच्या फोटोसाठी एर्मेतेनेच ते मामाच्या खाटिकखान्यातून आणलं होतं. तबकडीचं नाव 'गुरांचा निवाडा': शेवटच्या दिवशी गुरं न्यायाला बसतात आणि माणसांना दोषी ठरवतात. तिची दुसरी बाजू म्हणजे अठरा मिनिटं नुसता ऑर्गन. दोन वर्षं खपून एर्मेतेने ती रचली होती, आणि तेवढीच वाजवायची राहिली होती.

"फिओरेन्झो!"

गायक फिओरेन्झो उन्हाने जर्दाळूच्या रंगाचा होऊन आला होता. "माझी गाडी सुटत होती रे. कचरेवालेसुद्धा सुट्टीवर. म्हटलं, तिथे जरा सावली आहे."

"सावली?"

"शिवाय फळी लागते. माशा बसायला नकोत."

"माशा आतच जन्मल्यात, गाढवा!"

तेवढ्यात तबकडी कंपनीचे कानेपारीसाहेब लव्हेंडरचा रुमाल नाकाला लावून आले. त्या वासाने मेलेलं वासरू लग्नाला निघाल्यासारखं वाटू लागलं.

"उद्या सकाळी फिती कारखान्यात जाणार," साहेब म्हणाले. "आज ऑर्गन झाला नाही, तर दुसऱ्या बाजूला फिओरेन्झोची गाणी घालू. ते समुद्राचंही."

"साहेब, ते गाणं छत्रीबद्दल आहे!"

"समुद्रावरच्या छत्रीबद्दल," फिओरेन्झो म्हणाला. "त्यात भावना आहेत."

एर्मेतेला मुंडक्याने आणि छत्रीने सारखंच मळमळलं. दुसरा स्पीकर भाड्याने मिळाला असता, पण तो देणारेही सोमवारपर्यंत समुद्रातच होते.

रेमिजियोने मुंडकं कानाला धरून उचललं. कान हातात राहिला. "हा कुठे ठेवू?" त्याने शांतपणे विचारलं.

कपाटात दोन बाटल्या व्हिनेगर ओतलं. लाकडाने वास सोडला नाही, वर व्हिनेगरही ठेवून घेतलं. बाकीचे काचेपलीकडे जाऊन बसले. एर्मेतेने पट्ट्यांवर हात ठेवले, कर्णा फिरू लागला आणि पंखा लावावा तसा वास खोलीभर फेकू लागला.

तो वाजवत राहिला. घशाशी आलेलं गिळत दहा मिनिटं काढली. अकराव्या मिनिटाला गुरं निकाल वाचतात. तिथे सवयीने त्याने खोल श्वास घेतला आणि ओकला, पट्ट्यांच्या डाव्या अंगाला, भडाभडा. हात थांबले नाहीत. सूरही चुकला नाही. माइकने मात्र सगळं इमानदारीने टिपलं.

"अकरावं मिनिट पुन्हा घेऊ," संपल्यावर तो तोंड पुसत म्हणाला.

साहेबांचे डोळे भरून आले होते. "वेडा आहेस का? आज पहिल्यांदा तुझं संगीत मला समजलं."

"साहेब, ती ओकारी आहे."

"तेच म्हणतोय मी! ती काढायची असेल, तर छत्री आहेच."

काचेपलीकडे फिओरेन्झो गळा साफ करत होता.

"राहू दे," एर्मेते म्हणाला.

तबकडी धडाक्यात खपली. पावियातल्या पहिल्या कार्यक्रमाला हजारभर माणसं आली. एर्मेतेने ठरवलं होतं, आज लिहिलंय तसंच वाजवायचं. दहावं मिनिट सरलं, सगळे श्वास रोखून बसले. अकरावं स्वच्छ, सुरेल गेलं.

"लबाड!" मागून कोणीतरी ओरडलं. "ओक की!"

"तिकीट काढलंय आम्ही!"

हुल्लड वाढली तसा फिओरेन्झो मदतीला धावला. त्याने माइक ओढला, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि तो स्वतःच ओकारी काढू लागला. सुरात, लांबवून, भावनेने.

एर्मेतेने ते ऐकलं. मग त्याला काही करावं लागलं नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात त्याने बाहीने पट्ट्या पुसल्या आणि तो बाराव्या मिनिटाला लागला.