ऐनाचा कोळसा

“डोळ्यांनी काय बघतीस? कानानं बघ गं. इंजनाचं दुखणं आधी कानाला कळतंय.”

यल्लाप्पाचा हा आवाज राजाबाईच्या कानातून गेला नव्हता. माणूस जाऊन पाच वर्षं झाली होती. निपाणीच्या मोटार स्टँडामागं दोघांची खोली होती. सकाळी भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो मोटारीचं असं सांगायचा, जसं दुसऱ्या बायांचे नवरे दुभत्या म्हशीचं सांगतात. तेल बोटांत चोळून बघावं. पाण्यासारखं पातळ लागलं तर इंजिनाच्या पोटात नको ते गेलंय. पेट्रोल तळहातावर घेतलं तर फुंकर घालायच्या आत उडून जातं, रॉकेल मात्र चिवट पाहुण्यासारखं बसून राहतं. ती नुसती हं हं करायची. ऐकलेलं कुठं कामाला येईल, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं.

मोटार होती मारुतीरावाची. निपाणी ते बेळगाव उतारू वाहायची आणि यल्लाप्पा तिचा ड्रायव्हर. आठ वर्षांमागं, भर उन्हाळ्यात, संकेश्वरच्या अलीकडं चालत्या गाडीचं बेरिंग वितळलं आणि इंजिन जागच्या जागी बसलं. टाकीत कुणीतरी दिवसागणिक रॉकेल मिसळत होतं. ते पुरतं न जळता खाली तेलात उतरत होतं, तेलाची ताकद खात होतं. मारुतीरावानं भर स्टँडवर, सगळ्या उतारूंच्या देखत सांगितलं, “ड्रायव्हरनं पेट्रोल विकून खाल्लं आणि रॉकेल भरलं.” यल्लाप्पा एवढंच म्हणाला, “माझ्या हातनं न्हाय गेलं.” ते कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून तो ‘रॉकेल यल्लाप्पा’ झाला. गाडीवर घेणारा कुणी मिळेना. दोघं राजाबाईच्या माहेरी, जांबोटीला आली. तिथं तिच्या भावाच्या, रवळूच्या कोळशाच्या भट्टीवर तो राबला आणि तिसऱ्या पावसाळ्यात हिवतापानं गेला. नाव मात्र निपाणीतच राहिलं, रॉकेलच्या वासासकट.

राजाबाई भट्टीवर राहिली. लाकडाची रास रचून वर पाला आणि माती थापायची, आत आग कोंडायची, आणि धूर निळा होऊन विरेपर्यंत दिवस न् दिवस राखण करायची. घाईनं भट्टी उघडली की कोळसा आतून कच्चा राहतो. दर मंगळवारी ती बैलगाडी जुंपून बेळगावात यायची. खडेबाजारच्या टोकाला तिची पोती उभी राहिली की सोनार आणि इस्त्रीवाले दुसरीकडं बघायचे नाहीत. आणि पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओठांवर एकच ओवी यायची, तिची तिनंच रचलेली:

निपाणीचा मोटारधनी, धोतर त्याचं दुधावाणी
आतला डाग धुयाला ग, पुरं न्हाय नदीचं पाणी

लढाई सुरू होऊन चौथं वर्ष लागलं. पेट्रोल सरकारी चिठ्ठीवर आलं, मग चिठ्ठीवरही मिळेनासं झालं. मोटारींच्या पाठीला पत्र्याची उंच शेगडी बसू लागली. तीत कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. अशाच एका मंगळवारी एक तेलकट कोटातला माणूस राजाबाईच्या पोत्यांसमोर येऊन उभा राहिला. मष्णू. यल्लाप्पाच्या वेळी गाडीचा क्लीनर होता, आता ड्रायव्हर.

“वैनी, कोळसा पायजे. मोटारीला.”

“वैनी कुणाची रं? तुझ्या गावात मला रॉकेलवालीण म्हणत्यात.”

मष्णूनं मान खाली घातली. “इंजन लई खोकतंय. बाजारचा कोळसा घालून बघिटला. व्हॉल्व डांबरानं चिकटत्यात. आठवड्याला खोलतोय, तारेच्या ब्रशनं घासतोय, तेल बदलतोय. परत हाय तेच. गाडी म्हातारी झालीया, सोसंना तिला.”

“मालक बी म्हाताराच झाला असंल. त्याला सोसतंय न्हवं?”

मष्णूनं खिशातून कोळशाचे दोन खडे काढून तिच्यापुढं धरले. राजाबाईनं ते एकमेकांवर आपटले. मातीवर माती पडावी तसा आवाज आला. तिनं एक खडा मोडला. आत तपकिरी होता.

“ह्यो कोळसा न्हवं, जळकं लाकूड हाय. ह्याचा धूर गार झाला की डांबर हुतोय. आणि ह्यो दुसरा मऊ लाकडाचा. ह्याची राख उडून सिलिंडर खातीया. कुठल्या खुळ्यानं निवडला?”

“मी.”

“वाटलंच.”

मग तिनं आपल्या पोत्यातले दोन खडे उचलले. ऐनाच्या झाडाचे, पुरे भाजलेले, वजनदार. आपटले तर वासराच्या गळ्यातली घुंगरं हलावी तसे खणखणले. मष्णू नुसता बघत राहिला. तहानलेल्या माणसानं दुसऱ्याच्या घागरीकडं बघावं तसा.

“येत्या सोमवारी मोटार खात्याचा साहेब गाडीत बसून येणार हाय. निपाणी ते बेळगाव. कोळशावर वंटमुरीचा घाट चढला तरच परवाना ऱ्हाईल. न्हायतर गाडी मोडीत, आणि मी घरात.”

“बस की घरात. आम्ही बसलो.”

“वैनी…”

“सोनारानं मागितला तर सोन्याला कोळसा देते. धोब्यानं मागितला तर धोतराला देते. त्या मोटारीला द्यायचा झाला तर माझी एक अट हाय. टाकीत रॉकेल कुणी घातलं, ते त्यानं चार माणसांत बोलायचं. जा, सांग तुझ्या मालकाला.”

मालक रविवारपर्यंत ताणेल असं तिला वाटलं होतं. तो गुरुवारीच जांबोटीला आला, भाड्याच्या टांग्यातून. धोतराला चिखल लागू नये म्हणून सोगा हातात धरून. भट्टीच्या धुरात उभा राहून मारुतीरावानं दुप्पट दर सांगितला. राजाबाई माती थापत राहिली.

“बाई, मेल्या माणसाला आता काय फरक पडतोय?”

“मेल्याला न्हाय पडत. म्हणून तर तुमी एवढे निवांत हाय.”

“कोळशाला कुठं अट असती व्हय?”

“पेट्रोलला चिठ्ठी असती, कोळशाला अट. लढाईचे दिवस हायत, मालक.”

रवळू तोंड फिरवून हसला. मारुतीराव चरफडला, पण सोमवार जवळ आला होता. शेवटी म्हणाला, “बरं. निपाणीच्या स्टँडवर बोलतो. गाडी सुटायच्या आधी. दोन पोती घेऊन ये.”

सोमवारी राजाबाई आठ वर्षांनी निपाणीच्या स्टँडवर उतरली. तंबाखूचा तोच उग्र वास, तेच कट्टे. कट्ट्यावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, “रॉकेलची आता कोळशावर आली बघ.” तिनं ऐकलं. एक पोतं तिनं स्वतः चाळून, चुरा बाजूला काढून, शेगडीत ओतलं. मष्णूनं हातपंखा फिरवून आग फुलवली. पंधरा मिनिटांत गॅस धरला आणि इंजिन सुरू झालं. खोकला नाही, ठसका नाही.

खात्याचे साहेब गोपाळराव घड्याळ बघत पुढं बसले. मागं आठ उतारू. राजाबाई मारुतीरावासमोर जाऊन उभी राहिली.

“बोला.”

“बेळगावात बोलतो की. साहेबांना उशीर होतोय. बस मागं.”

ती मागच्या बाकावर, दुसऱ्या पोत्याशेजारी जाऊन बसली.

संकेश्वर गेलं. यमकनमर्डी गेली. उसाच्या फडांतून गाडी मुकाट्यानं धावत होती, आणि मारुतीराव साहेबांना सांगत होता, कोळसा निवडावा तर पारख लागते, ती आपल्याकडं पहिल्यापासून आहे. वंटमुरीच्या पायथ्याशी मष्णूनं गाडी बाजूला घेतली. शेगडी तळाला आली होती. घाट चढायचा तर पोतं ओतायलाच हवं.

तो मागं आला. राजाबाई खाली उतरली होती. पोतं रस्त्याकडेला ठेवून ती त्यावर बसली होती.

“वैनी, उठा. आग उतरली तर परत फुलवायला वेळ जाईल.”

“मालकाला बोलव.”

मारुतीराव आला, त्याच्यामागं साहेब, त्यांच्यामागं उतारू. राजाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “साहेब, ह्यांच्या मोटारीचं इंजन आठ वर्षांमागं बसलं. टाकीत रॉकेल हुतं. ते कुणी घातलं एवढं ह्यांनी सांगावं. मग पोतं शेगडीत.”

“खुळी बाई आहे, साहेब. नवरा चोर होता हिचा. पेट्रोल विकायचा.”

“मारुतीराव,” साहेब कंटाळून म्हणाले, “तुमच्या घरगुती भांडणाशी मला कर्तव्य नाही. बारापर्यंत गाडी बेळगावात पाहिजे. पोतं घ्या आणि चला.”

मारुतीरावानं पोत्याला हात घातला. राजाबाईनं त्याच्याकडं नुसतं वर बघितलं. हात तिथंच थांबला. आठ उतारू बघत होते आणि बाई हलणारी दिसत नव्हती.

“मष्णू, ओढ तिला बाजूला,” तो म्हणाला.

मष्णू हलला नाही. शेगडीतून धुराची शेवटची बारीक रेघ निघत होती. त्यानं हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं.

“साहेब, रॉकेल मी घातलं.”

“मष्णू,” मारुतीराव म्हणाला.

“पेट्रोलचे पैसे वाचवायला मालकांनी सांगितलं म्हणून घातलं. रोज सकाळी गाडी धुताना, एक डबा. चार महिने. यल्लाप्पाअण्णाला ठावं नव्हतं. त्यानं मला इचारलं हुतं, तेल पातळ का झालंय रं. मी म्हणलो, उन्हानं. ज्या दिवशी स्टँडवर त्याला चोर ठरवला, तवा मी तिथंच उभा हुतो. ह्या गाडीवर बसायला मिळंल म्हणून गप बसलो.”

उतारूंमधली एक म्हातारी थुंकली. कुणावर ते कळलं नाही.

राजाबाई उठली. पोत्याचं तोंड तिनं स्वतः सोडलं. मष्णूनं पोतं खांद्यावर घेऊन शेगडीत रिकामं केलं, पंखा फिरवला. ऐनाच्या कोळशानं लाल डोळा उघडला. गाडी घाट चढली. वळणावर धापा टाकत, पण थांबली नाही. साहेबांनी बेळगावात उतरताना घड्याळ बघितलं आणि कागदावर सही केली. “गाडी कोळशावर चढली. मला तेवढंच बघायचं होतं.”

मारुतीरावानं कागद खिशात घातला आणि मष्णूपुढं हात केला. मष्णूनं किल्ली दिली. आता ह्या जिल्ह्यात तुला कोण गाडीवर घेतंय ते बघतो, असं म्हणून मारुतीराव दुसरा ड्रायव्हर बघायला निघून गेला. उतारू पांगले. निपाणीकडं परतणारे दोघं-तिघं वाटेत सांगतीलच. बातमीला पेट्रोल लागत नाही.

राजाबाई रिकामी पोती झटकत होती. मष्णू तिच्यापासून चार हातांवर येऊन थांबला.

“वैनी, माझं चुकलं.”

“ते मला ठावं हाय. माझ्याकडनं माफी मागू नगंस, मिळणार न्हाय. तू गप बसलास म्हणून माझा माणूस रानात मेला.”

“व्हय.”

“जा आता.”

तो वळला. दहा पावलं गेला असेल. राजाबाईनं पोत्यांची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“मष्णू.”

तो थांबला. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

“इंजन बसलं त्याच महिन्यात माझ्या माणसानं मला इरकली लुगडं आणलं हुतं. न मागता. जात्यावर मी मालकाला नाव ठेवलं, पर मनात वाटायचं, ह्यानंच पेट्रोल इकून आणलंय. मी त्याला कधी इचारलं न्हाय, आणि लुगड्याची घडी बी मोडली न्हाय, पेटीत तशीच ठेवली. त्यो रोज पेटीकडं बघायचा. मरंस्तोवर बघायचा.”