खऱ्या-खोट्या निरोप्यांमधली अट

मित्रांनो, मी एका जावा प्रोग्राममधली तीन ओळींची जुनी अट आहे. जीव एवढासा, पण भित्री म्हणाल तर पहिल्या नंबरची.

माझा जन्म पवईच्या एका ऑफिसात झाला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने लाल बटण दाबलं की आमचा प्रोग्राम वॉचमनच्या फोनवर निरोप धाडतो. त्यासाठी दोन निरोपे आहेत. खरा फोन वाजवतो. खोटा चाचणीपुरता, तो नुसतं 'पाठवला' असं लिहून ठेवतो. प्रोग्राम सुरू होताना सेटिंग वाचायची आणि दोघांपैकी एकाला कामाला जोडायचं, एवढंच माझं काम. एकदा जोडला की प्रोग्राम पुन्हा सुरू होईपर्यंत मला काही बदलता येत नाही.

मला लिहिलं प्रियंकाने. चाचणीच्या दिवसांत तिच्याच मुलुंडच्या इमारतीचे वॉचमन भाऊराव उगाच धावत सुटायचे, म्हणून तिने लिहिलं, 'सेटिंग सापडली नाही तर खोटा जोडा. तात्पुरतं.' त्याला तीन वर्षं झाली. शेजारी बसणारा मिथुन माझं कौतुकच करायचा, "झकास चालतंय यार!" मला मात्र त्या 'तात्पुरतं' शब्दाची धास्ती वाटायची.

गेल्या मंगळवारी प्रोग्राम नव्या मशीनवर हलवला आणि सेटिंगची फाइल जुन्यावरच राहिली. मी शोधली. नव्हती. मला छाती नाही, तरी धस्स झालं. मी खोट्याला जोडलं.

दुपारी मुलुंडहून बटण दाबलं गेलं. 'पाठवला,' खोट्याने लिहिलं. पुन्हा बटण. 'पाठवला.' असं अकरा वेळा झालं, मग बटण थांबलं. तेव्हा मी भीतीने गारठून गेले.

तासाभराने प्रियंकाचा फोन वाजला. "भाऊराव, आई शुद्धीवर आहे ना?" ती ओरडली. पाण्याचा पंप लावायला निघालेल्या भाऊरावांना लिफ्टच्या दारावरची थाप ऐकू आली, म्हणून प्रियंकाची आई सोनूबाई वाचल्या.

"अगं, इथे तर अकरा वेळा 'पाठवला' दिसतंय ना!" मिथुन म्हणाला.

"ते खोट्याने लिहिलंय रे. आणि त्याला जोडायला मीच सांगून ठेवलं होतं."

त्याच संध्याकाळी तिने मला बदललं. आता सेटिंग नसली तर मी प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही, ओरडते. तरीही दर वेळी सुरू होताना माझा थरकाप होतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना लिहाल तेव्हा एवढी काळजी घ्या. काही सापडलं नाही तर आम्हाला खोटं 'हो' म्हणायला लावू नका. घाबरून ओरडू द्या. सोनूबाई अजून पाच मजले जिन्यानेच चढतात.