मधला डबा

मी एक जुना लाकडी रोलर कोस्टर आहे. म्हणजे होतो. आता माझ्यातलं जे काही उरलंय ते एका घराच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभं आहे. एक डबा. चार माणसं बसतील एवढा, तांबडा रंग पोपडे धरून उडालेला, चाकांखाली विटा. दुपारी त्यात मांजर झोपतं. शाळा सुटली की मित्रांनो, तुम्ही येता, दप्तरं खाली टाकता, दोन्ही हात वर करता आणि तोंडाने गाडीचा आवाज काढता. तो आवाज साफ चुकीचा असतो. पण काढा. मला चालतो.

परवा तुमच्यातल्या एकीने विचारलं, "हे खटारं खरंच कधी पळायचं का गं?" मला राग आला. म्हणून आज सांगून टाकतो. गोड गोड सांगणार नाही. ज्याने मला मोडायला लावलं तो माणूस रोज संध्याकाळी या अंगणात येतो, चहा पितो, आणि तरी मी त्याच्यावर पूर्ण रागावू शकत नाही. हीच माझी खरी अडचण आहे.

मला बांधायला सुतारांची फौज लागली होती. उभे खांब, आडवे खांब, तिरके खांब, लांबून बघितलं तर कोणीतरी काड्यापेट्या ओतून डोंगर केलाय असं वाटे. माझा रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्या आणि त्यांच्यावर पोलादाची पट्टी. गाडी वळणावर आली की माझा सगळा सांगाडा किंचित झुकायचा आणि गाडी गेली की परत सरळ व्हायचा. नवखे लोक ते बघून घाबरत. "अहो, हे हलतंय!" हलणारच. लाकडाने हलायचं नाही तर काय करायचं? ताठ राहिलं असतं तर मोडलं असतं.

पहिल्या चढावर गाडी साखळीने ओढत न्यायची. गाडी मागे घसरू नये म्हणून खाली लोखंडी खिट्टी होती, ती रुळातल्या दातांवरून कट्, कट्, कट् करत जायची. त्या आवाजाने भल्याभल्यांची बोलती बंद होई. लग्न ठरलेली पोरं पोरींचे हात धरत. मोठमोठे साहेब डोळे मिटून घेत. मग माथा. तिथे कट्कट् थांबायची, आणि मग मी मोकळा.

आमच्या करमणुकीच्या बागेत हजारो लोक येत, पण माझी खरी माणसं वेगळी होती. त्यांना सगळे 'फेरीवेडे' म्हणत. ही माणसं गावोगाव फिरून रोलर कोस्टरमध्येच बसत, आणि बसून झालं की भांडत. लाकडी चांगला की पोलादी? उलटं फिरवणारा गोल हवा की नुसते उंच उतार? खांद्यावरून येणारा पट्टा बरा की मांडीवरचा दांडा? उतारावर माणूस आसनावरून अलगद सुटतो, पोटात काही उरत नाही, त्या क्षणाला ते 'तरंग' म्हणत. कुठल्या कोस्टरवर किती तरंग, यावरून मी त्यांना एकमेकांशी आठवडाभर अबोला धरताना पाहिलंय.

त्यांतलं एक कुटुंब माझ्या जिवाभावाचं. भाऊजी, ताई आणि बाळ.

भाऊजी दातांचे डॉक्टर. ताई त्यांची बायको, ती घरी शिवणकाम करायची. आणि बाळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. बाळचे केस पिकले, तरी तो घरात बाळच राहिला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा.

भाऊजी कायम पहिल्या डब्यात बसायचे. माथ्यावर गेलं की पहिला डबा पुढे झुकतो आणि क्षणभर तसाच लटकत राहतो, कारण मागचे डबे अजून चढतच असतात. समोर काहीच नाही, नुसतं आकाश. "हे बघायला डोळे लागतात," भाऊजी म्हणायचे. बाळ कायम शेवटच्या डब्यात. त्याला पुढचे डबे माथ्यावरून असे खेचून नेत, की तो आसनावर परत यायचा तो थेट उतार संपल्यावर. "बघायचंय काय त्यात?" तो म्हणायचा. "भाऊजी, तुम्ही देखावे बघायला येता. मी उडायला येतो."

"तू लिफ्टवाला. तुला कोणीतरी ओढून नेल्याशिवाय जमतच नाही."

"आणि तुम्हाला दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकायची सवय. म्हणून पुढे पळता, मागच्या ऐकू येऊ नयेत म्हणून!"

दोघांच्या मध्ये, मधल्या डब्यात, ताई. मांडीवर तिघांच्या पिशव्या, त्यांवर भाऊजींचा चष्मा, वर बाळची टोपी. फेरीवेड्यांच्या हिशोबी मधला डबा म्हणजे मिळमिळीत जागा. तिथे धड लटकायला मिळत नाही, धड उडायला मिळत नाही. एकदा चहाच्या टपरीपाशी कोणीतरी तिला तसं बोललं. ती बिस्किट बुडवत शांतपणे म्हणाली, "मला काय करायचाय तुमचा तरंग? मधे बसलं की पुढून यांची आरोळी येते आणि मागून बाळची. दोन्ही एकदम. घरी दोघं एकमेकांना कधी पुरतं बोलू देत नाहीत."

सगळे हसले. भाऊजी आणि बाळ जास्तच हसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती, मित्रांनो, आणि तेव्हा ती चांगली आहेत हे मला कळत नव्हतं. दर सुट्टीला सांगाडा झुकायचा, पुढून आरोळी, मागून आरोळी, मधे ताईचं हसणं. मला वाटे, जग असंच चालतं.

मग शेजारी पोलादी कोस्टर आला.

निळाशार, उंच, गुळगुळीत. तीनदा उलटा फिरवायचा आणि पेल्यातलं पाणी हलायचं नाही. मी जळलो. लपवत नाही. पण तो वाईट नव्हता, उगाच त्याची निंदा करणार नाही. त्याचा वेग खरा, त्याचं धैर्य खरं. बाळ तर पहिल्याच फेरीत त्याच्या प्रेमात पडला. ज्याने आयुष्यभर लिफ्टचा धक्का कमी करण्यात हात काळे केले, त्याला तो गुळगुळीतपणा म्हणजे स्वर्ग वाटणारच. तो उतरला, माझ्याकडे बघून म्हणाला, "हा म्हातारा आता नुसता खुळखुळा आहे हो."

भाऊजी म्हणाले, "जपून बोल. याच खुळखुळ्यावर तू लहानाचा मोठा झालास."

माझ्यापुढची रांग आटली. रंगाचं काम पुढच्या वर्षावर गेलं आणि ते पुढचं वर्ष आलंच नाही. बागेच्या मालकीणबाई पिढीजात मालक, मनाने वाईट नव्हत्या. त्यांना कळेना, मला ठेवावं की माझ्या जागी दुसरा पोलादी आणावा. शेवटी त्या म्हणाल्या, यातलं आपल्याला काय कळतं, फेरीवेड्यांनाच विचारू. ते सांगतील तसं करू. आणि फेरीवेड्यांनी बोलायला निवडला बाळ.

आता नीट ऐका. इथेच सगळं फसलं.

मालकीणबाईंनी फेरीवेड्यांना मान दिला. बाग उघडायच्या आधी, सकाळी सकाळी, फक्त त्यांच्यासाठी दार उघडलं. रांग नाही, गर्दी नाही, अख्खा कोस्टर तुमचा! फेरीवेड्यांना याहून मोठा मान नसतो. गळ्यात खास पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे पट्टे घालून, छाती काढून आले सगळे. नेमके भाऊजी नव्हते. एका पेशंटचा गाल सुजून भोपळा झाला होता, त्याची दाढ काढायला ते दवाखान्यात थांबले. बाळ निघाला तेव्हा त्यांनी त्याला फोनवर सांगितलं, "संध्याकाळपर्यंत थांब. उन्हं उतरली की बस, मग बोल."

"हो हो," बाळ म्हणाला. "मला शिकवता का आता?"

शिकवायची गरजच नव्हती. फेरीवेड्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की लाकडी कोस्टर सकाळी थंड असतो. रात्रीच्या गारठ्याने वंगण घट्ट झालेलं असतं, चाकं जड फिरतात. दिवसभर फेऱ्या झाल्या की चाकं तापतात, वंगण पातळ होतं, भरलेल्या डब्यांचं वजन मिळतं, आणि संध्याकाळी तोच कोस्टर वाऱ्यासारखा सुटतो. ही गोष्ट ते नवख्यांना चहा पाजून पाजून सांगत. पण त्या सकाळी मान मिळाला ना! मानाने माणसाच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. गारठलेल्या माझ्या अंगावर ते अर्ध्या रिकाम्या गाडीत बसले. मी रखडलो. माथ्यावर कोणी लटकलं नाही, उतारावर कोणी सुटलं नाही. वळणावर मी खडखडलो तेवढं सगळ्यांना ऐकू आलं. आणि दार उघडून गर्दी आत आली तेव्हा ही सगळी मंडळी निळ्या कोस्टरच्या रांगेत होती.

दुपारी बाळ मंचावर उभा राहिला आणि माईकवर म्हणाला, "तरंग शून्य. पाठीला त्रास. त्याने खूप दिलं, पण आता काढायला हरकत नाही."

टाळ्या वाजल्या. मी उभा होतो तिथेच, बाजूलाच.

भाऊजी दवाखान्यातून धावत आले तोवर सगळं झालं होतं. ते बाळला एवढंच म्हणाले, "तू थंड चाकांवर बसून निकाल दिलास?" बाळने खांदे उडवले. त्या दिवसापासून भाऊजींनी त्याच्याशी बोलणं सोडलं. बाळ घरी आला की ते आतल्या खोलीत जात. ताईच्या पाठीचं तेव्हाच ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी तिचं कोस्टरमध्ये बसणं कायमचं बंद केलं होतं. ती अंथरुणावर पडून दोन खोल्यांतली शांतता ऐकत राहायची. हे तिनेच मला नंतर सांगितलं, डब्यात बसून. ती माझ्याशी बोलते, तुम्ही पाहिलंय.

माझ्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती काठी टेकत आली आणि पहिल्या उतारापाशी कठड्याला धरून उभी राहिली. दोघांनाही तिनेच आणलं होतं. "बोलू नका एकमेकांशी," ती म्हणाली. "पण बसा. माझ्यासाठी एकदा बसा."

भाऊजी पुढे गेले. बाळ मागे गेला. शेवटचं बसायला गर्दी लोटली होती, गाडी खच्चून भरलेली होती, दिवसभर लोकांनी मला दम खाऊ दिला नव्हता, चाकं तापून गरम झाली होती. कट्, कट्, कट्. मित्रांनो, मी असा सुटलो की माझं मलाच नवल वाटलं. पुढून भाऊजींची आरोळी आली. आणि मागून, पूर्वीसारखीच, पोरासारखी, बाळची. खाली ताईने डोळे मिटून घेतले.

बाळ उतरला. तो तडक मालकीणबाईंकडे गेला. "बाई, मी चुकलो. माझं मत मी परत घेतो. ठेवा त्याला."

मालकीणबाई म्हणाल्या, "बाळासाहेब, लाकूड विकलं गेलंय. उद्या माणसं येतायत तोडायला. मी तुम्हाला आधी विचारलं होतं हो."

तो तिथेच पायरीवर बसला. थोड्या वेळाने भाऊजी आले आणि शेजारी बसले. बोलले नाहीत. पण बसले.

मालकीणबाईंना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "एक डबा घेऊन जा तुम्ही. कुठला हवा?" आजूबाजूचे फेरीवेडे गालात हसले. आता पुन्हा जुंपणार, पुढचा की मागचा! भाऊजींनी बोट दाखवलं. त्याच वेळी बाळनेही दाखवलं. दोन्ही बोटं मधल्या डब्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी मला पाडलं. त्याबद्दल मी बोलणार नाही.

तर हा तो डबा, मित्रांनो. तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही कोणीतरी विचारेल, हे ठेवू की टाकू? तुमच्या गळ्यातही पट्टा असेल, तुम्हालाही आधी आत सोडतील. मत जरूर द्या. मुळमुळीत देऊ नका, ठासून द्या. मला वाईट म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण ज्याच्यावर मत देताय त्याला आधी तापू द्या. त्याचा एक अख्खा दिवस बघा. तेवढा वेळ नसेल तर गप्प बसा. गप्प बसण्याने आजवर कोणाचा सांगाडा पडलेला नाही. आणि माझ्या बाकावर पेनाने नावं कोरू नका, परवा कोणीतरी कोरलंय.

आता उतरा. दप्तरं उचला, तुमच्या आया हाका मारतायत. उन्हं उतरली. ताई दाराशी आली बघा, काठी भिंतीला टेकवली. ती आत बसते, मांडीवर पिशवी घेते. भाऊजी चपला घालून अंगणाच्या पुढच्या टोकाला जातात, बाळ मागच्या, नळापाशी. दोघं अजूनही वाद घालतायत, कुठून जास्त मजा यायची ते. शेजारीण खिडकीतून बघून कपाळाला हात लावते. रोजचंच आहे.

ताई मांडीवरचा दांडा खाली ओढते, डोळे मिटते आणि म्हणते, "हं. ओरडा."