रामबाणाचा खुलासा

आमच्या गावात पाणकणसाला रामबाण म्हणतात. पुरुषभर उंच पाती, वर तपकिरी कणीस. एवढ्या साध्या नावाने वरच्या ऑफिसचं डोकं फिरलं आणि भोगतोय आमचा वॉर्ड.

मी दीपा, त्या वॉर्डाची ग्रामपंचायत सदस्य. मारेगावच्या अलीकडे आमचं गाव. वरच्या आळीचं सगळं सांडपाणी एका नालीतून तळ्यात येतं आणि तळ्याच्या खालच्या अंगाला आमच्या बौद्धपुऱ्याची विहीर आहे. त्यांनी सांडायचं, आम्ही प्यायचं. हे काही चुकून झालेलं नाही.

तरी विहीर गोड होती, कारण नालीच्या तोंडाशी रामबाण होता. त्याच्या मुळ्यांच्या जाळ्यात घाण अडायची, पाणी निवळून पुढे जायचं. माझ्या सासूबाई, कांताबाई, त्याच्याच पात्यांच्या चटया विणतात. गेल्या वर्षी तो तळंभर पसरला तेव्हा त्यांनी मला बजावलं होतं.

"नालीच्या तोंडचा ठेव. बाकीचा काप, पन पाण्याखालून काप. तो पात्यानं श्वास घेते. बुडखा बुडाला का मुळी सडते. आन् कनीस पिकाच्या आंधी काप. पिकलं का कापूस उडते, मंग गावभर पेरनी."

मी तसाच ठराव लिहून घेतला: 'नालीच्या तोंडचा वगळून उरलेला रामबाण पावसाळ्यातच कापावा.' पावसाळा गेला, दिवाळी गेली, मग वरून उत्तर आलं: 'रामबाण म्हणजे नेमका कोणता उपाय? खुलासा करावा.'

हसावं की कपाळ बडवून घ्यावं? सरपंच सदाशिवरावांनी मला न विचारताच एका ओळीत खुलासा ठोकला: 'रामबाण म्हणजे निरुपयोगी गवत.' झालं! मंजुरी आली ती 'निरुपयोगी गवत समूळ काढणे' अशी. नालीचं तोंड कागदातून गळालं ते गळालंच.

जेसीबी आला फाल्गुनात. कणसं पिकून फुटायला टेकलेली. दात लागताच कापूस असा उडाला की समोरचं माणूस दिसेना. आणि सगळ्यात आधी उपटला कोणता? नालीच्या तोंडचाच, कारण मशीन उभं करायला तिथेच जागा होती. मी मशीनला आडवी गेले.

"म्याडम, कागदावर जे हाय तेच करा लागते मले," ड्रायव्हर म्हणाला.

अर्ध्या तळ्यात नवं बी पेरून मशीन गेलं. आठ दिवसांत विहिरीला वास मारू लागला, पंधरा दिवसांत पुऱ्यातली लेकरं जुलाबाने आडवी झाली. सदाशिवरावांच्या घरी नळ आहे, त्यांना काय! माझा संताप संताप झाला, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच होता. तो एका ओळीचा खुलासा मी वेळेवर वाचलाच नव्हता.

मशीनने काठावर टाकलेल्या ढिगातून सासूबाईंनी मात्र मुळ्या वेचल्या. वरून वाळलेल्या, पण मोडून पाहिल्या तर आत पांढऱ्याशुभ्र. गुडघाभर चिखलात उतरून त्या नालीच्या तोंडाशी लावत गेल्या. चैत्रात बोटभर कोंब आले.

नेमके तेव्हाच सदाशिवराव काम पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन तळ्यावर आले. कोंब पाहून त्यांचं तोंड उतरलं.

"हे काहून लावलं, दीपाताई? समूळ म्हनजे समूळ. मशीन परत बोलावतो मी. तुम्ही फक्त सही करा."

तशीच सही केली असती तर कोंब गेले असते, आणि विहीर कायमची गेली असती. दाखल्यावर शेऱ्याची जागा रिकामी होती. मी पेन मागितला आणि लिहिलं: 'खुलासा. रामबाण म्हणजे उपाय. तो काढला होता, पुन्हा लावला आहे. हात लावू नये.' मग सही केली.

"असा कागद वर पाठवता येत नाही, ताई. खोडा हे."

"वरूनच विचारलं होतं ना, भाऊ? उत्तर कायले खोडू?"

ते काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी चिखलातून मान वर केली.

"सरपंच, पाय उचला. मुळीवर उभे हाय तुम्ही."